आधी वाट बघा, मग साडी काढा

चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, मुंबईहून येणाऱ्या मुली बॅग उघडतात आणि पहिल्यांदा विचारतात, "काकी, यावर कोणते दागिने घालू?" मी त्यांना विचारते, जायचं कुठे आहे आणि तिथवरची वाट कशी आहे? मालवण तालुक्यातल्या आमच्या वाडीत मी ब्लाउज शिवते, साड्यांना फॉल-बिडिंग करते आणि गणपतीच्या दिवसांत सकाळी सकाळी शेजारपाजारच्या पोरींना साडी नेसवून देते. या कामात एक गोष्ट मला पक्की कळली आहे. सणाला दिवसभर बाहेर राहायचं असेल तर साडी पायाकडून ठरवत वर यावं. आधी वाट, मग पाय, परकर, निऱ्या, पदर, आणि दागिने अगदी शेवटी. या क्रमाने गेलं तर साधी सुती साडी सकाळच्या आरतीपासून रात्री भजन उठेपर्यंत जागची हलत नाही. दागिन्यांपासून सुरुवात करणारी बाई दुपारपर्यंत भारी साडीचा घोळ हातात धरून चालताना दिसते आणि मला मनापासून वाईट वाटतं, कारण तिचा सगळा सण त्या घोळाकडे बघण्यात जातो.

मी गौरीपूजनाचा दिवस डोळ्यांपुढे ठेवून सांगते. अनुराधा नक्षत्रावर गौर येते, ज्येष्ठावर तिची पूजा होते आणि मूळ नक्षत्रावर ती जाते. यातला मधला दिवस साडीची खरी परीक्षा घेतो. सकाळी घरची पूजा, मग वाडीतल्या घरांना जाऊन गौरी-गणपतीचं दर्शन, नवी सून असेल तर तिचा ओवसा (सूप घेऊन गौरीची पूजा), दुपारी खाली बसून पंगत, संध्याकाळी आरत्या आणि रात्री फुगडी. वरून पाऊस. या दिवसाला पुरणारी साडी बाकी कुठल्याही सणाला पुरते.

वाट आणि पाय

आमच्याकडे घराघरांत जायची वाट म्हणजे कुठे तांबडी माती, कुठे जांभ्या दगडाची पायठण (पायऱ्या), कुठे भातशेतीची मेर (बांध) आणि मध्ये एखादा व्हाळ (ओढा), त्यावर साकव (छोटा पूल). भाद्रपदात चिऱ्यांवर शेवाळ असतं. अशा वाटेवर उंच टाच रुतते नाहीतर घसरते. कोल्हापुरी चपला कितीही शोभल्या तरी पाणी प्यायल्या की फुगतात, त्यांचे थर सुटतात आणि चामड्याचा रंग टाचेला लागतो. त्या दिवाळीला घाला. चवथीला सपाट, मागे पट्टा असलेली, तळाला खाचा असलेली रबराची चप्पल चांगली. काळी किंवा तपकिरी घेतली तर साडीखाली दिसतही नाही.

टाच नको म्हणण्याचं दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे आणि ते कुणी लक्षात घेत नाही. गणपतीच्या दिवशी आपण घरोघरी चपला खळ्यात, म्हणजे अंगणात, काढतो. म्हणजे दिवसातला अर्धा वेळ आपण अनवाणीच असतो. तीन इंच टाचेच्या मापाने साडी नेसली की चपला काढल्याबरोबर ती तीन इंच जमिनीवर लोळायला लागते. खळ्यातला चिखल, पडवीतलं पाय धुतलेलं पाणी, माजघरातली रांगोळी, सगळं काठाने पुसत तुम्ही देवापर्यंत पोचता. म्हणून साडी अनवाणी उभं राहूनच नेसा. काठ पायाच्या पंज्यावर टेकू देऊ नका, घोट्याच्या हाडाला लागेल एवढाच ठेवा. आरशात थोडी आखूड वाटेल. वाटू द्या. वाटेवर चालणारी बाई आरशातल्यापेक्षा वेगळी दिसते, पाऊल उचललं की काठ आपोआप नीट पडतो.

नेसून झाली की मी प्रत्येकीला सांगते, "साडी नेसान खळ्यात एक फेरी मारून ये बघू." दोन पायऱ्या चढा, उतरा, एकदा मांडी घालून बसा आणि हात न टेकता उठा. साडी पायात येत असेल तर ती इथेच कळेल, व्हाळाच्या मधोमध नाही.

परकर

साडी बिघडते ती बहुतेक वेळा परकरामुळे. सॅटिनचा गुळगुळीत परकर साडीला धरून ठेवत नाही, निऱ्या तासाभरात खाली उतरतात. हल्ली मुली अंगाला घट्ट बसणारे फिश कट परकर आणतात. फोटोत कंबर छान दिसते, पण त्यात पाट मांडून जेवायला बसता येत नाही आणि मेरेवर उडी मारता येत नाही. सुती पॉपलीनचा सहा कळ्यांचा परकर घ्या. नवा असेल तर एकदा धुऊन मगच वापरा, नाहीतर पहिल्या पावसात तो आटतो आणि साडीखालून त्याचा काठ वर गेलेला दिसतो. साडीपेक्षा दोन बोटं आखूड हवा. रंग साडीशी जुळणारा, पण एक छटा गडद. फिकट साडी भिजली की आतलं दाखवते, गडद परकर लाज राखतो.

नाडी बेंबीच्या थोडी खाली, आणि नेहमीपेक्षा किंचित घट्ट. सगळी साडी त्या नाडीवर उभी असते. पण जेवायच्या आधी श्वास घेऊन बघा, कारण गौरीच्या दिवशी घावन-घाटलं आणि पातोळ्या पुढ्यात आल्यावर कुणी अर्धपोटी उठत नाही.

कुठली साडी काढायची

कोकणात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्येच. हवेत इतका ओलावा असतो की घाम अंगावरच राहतो. त्यात भारी रेशमी साडी नेसणं म्हणजे साडीलाही त्रास आणि नेसणारीलाही. रेशमावर पावसाचा थेंब पडला की डाग राहतो, आणि घामाने जर काळवंडते. पैठणी काढायची हौस असेल तर घरच्या पूजेला तासभर नेसा, आरती करा, फोटो काढा आणि बाहेर पडण्याआधी उतरवून ठेवा. त्यात कमीपणा काही नाही. आमच्याकडच्या जुन्या बायका पूजेचं लुगडं आणि फिरायचं लुगडं वेगळंच ठेवायच्या.

फिरायला माझी पहिली पसंती मंगळगिरी सुतीला. आंध्रातल्या गुंटूर जिल्ह्यातल्या मंगळगिरीची ही साडी घट्ट विणीची असते, अंगात नक्षी नसते आणि काठ मात्र ठसठशीत असतो. निऱ्या धरल्या की सुरीने कापल्यासारख्या राहतात. नारायणपेठीही चांगली, तिची चौकडी चिखलाचे बारीक शिंतोडे झाकते. इरकल थोडी जड, पण तिचा लालपांढरा पदर डोक्यावरून घेतला की गौरीपुढे उभी असलेली बाई इतकी देखणी दिसते की मला दरवर्षी तिच्याकडे बघत राहावंसं वाटतं. महेश्वरी हलकी असते. अहिल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकात नर्मदेकाठी महेश्वरला विणकर वसवले, तिथपासूनची ही साडी. सूत-रेशमाची असल्यामुळे वाऱ्यात थोडी उडते, म्हणून पदराला जास्त सांभाळावं लागतं. ऑर्गंझा आणि टिश्यू मात्र समुद्रकाठच्या गावात नकोच. वारा सुटला की त्या फुगतात, आणि दमट हवेत बसून उठलं की पडलेल्या चुण्या जात नाहीत.

जॉर्जेट आणि पॉलिस्टरबद्दल मी वाईट बोलणार नाही. भिजली तरी झटकली की वाळते, चिखल धरत नाही, इस्त्री लागत नाही. शेतावरून थेट आरतीला येणाऱ्या बायकांना तिचाच आधार असतो. फक्त एक लक्षात ठेवा. ते कापड पेटलं की वितळून कातडीला चिकटतं. निरांजन, समई, कापूर यांच्याजवळ सिंथेटिक पदर सुटा सोडायचा नाही. आरतीच्या गर्दीत पुढची बाई ताट घेऊन वळते आणि मागचीचा पदर ज्योतीवर जातो, असं व्हायला क्षण पुरतो. आरती सुरू होण्याआधी पदर पुढे घेऊन कमरेला खोचायचा. सुती असो की रेशमी, हा नियम सगळ्यांना.

रंगाचं म्हणाल तर काठाकडे बघून ठरवा. खालचा काठ मेंदी, विटकरी, जांभळा, बाटली हिरवा असा असेल तर तांबडी माती त्यात मिसळून जाते. अंग कितीही फिकट असू द्या. पिस्ता रंगाचं अंग आणि विटकरी काठ असलेली साडी पावसातही उजळ दिसते आणि घरी येईपर्यंत स्वच्छ वाटते. पांढऱ्या काठाची साडी कोजागिरीला ठेवा.

कांजी

सुती साडीला कांजी हवीच, पण पावसाळ्यात बेताची. उकड्या तांदळाची पेज आमच्या घरात रोज होते, तरी तिची निवळ कांजीला घेऊ नका. ती पातळ पडते आणि लाल तांदळाची असेल तर फिकट साडीला रंग देते. मूठभर साधा सुरय (न उकडलेला) तांदूळ भरपूर पाण्यात पार गळेपर्यंत शिजवायचा, जुन्या सुती फडक्यातून गाळायचा आणि ते पाणी अर्धी बादली थंड पाण्यात ढवळायचं. साडी आधी साध्या पाण्यात भिजवून, पिळून, मग यात घाला. कोरडी घातली तर कांजी कुठे जास्त कुठे कमी बसते आणि वाळल्यावर पांढरे पट्टे उठतात. हलक्या हाताने पिळून पडवीत दोरीवर, पंख्याच्या वाऱ्याला वाळवा. पुरती वाळायच्या आधी, किंचित दमट असताना उलट्या बाजूने इस्त्री करा.

हे सगळं नेसायच्या एक-दोन दिवस आधी. महिनाभर आधी कांजी घालून कपाटात ठेवलेली साडी दमट हवेत बुरशी धरते आणि कसर तिच्यावर तुटून पडते. सण झाला की कांजी धुऊन टाकूनच साडी आत ठेवायची.

मुंबईहून साडी आणणाऱ्यांनी ती रेल्वेच्या बॅगेत घडी करून दाबू नये. जुन्या चादरीवर पसरून, चादरीसकट सैल गुंडाळी करा. घडीच्या रेघा पडत नाहीत आणि गावातली वीज गेली तरी इस्त्रीवाचून अडत नाही.

नेसताना

सहावारी साधारण ५.५ मीटरची आणि नऊवारी ८.२ मीटरची असते. मी इथे सहावारीचं सांगते.

आतलं टोक बेंबीच्या जरा उजवीकडे खोचा आणि पुढून डावीकडे, मागून, पुन्हा उजवीकडून पुढे असा एक पूर्ण फेरा घ्या. खोचताना काठाची पातळी सारखी बघत राहा, सगळीकडे घोट्याच्या हाडाला. इथपर्यंत सगळ्याच जणी नीट करतात. पुढे बहुतेक जणी घाईने निऱ्या घालतात आणि जो उरेल तो पदर. आमच्याकडे हे चालत नाही, कारण गौरीपुढे पदर डोक्यावरून घ्यायचा असतो आणि तो आखूड पडला तर खांद्यावरची सगळी बैठक ओढली जाते. म्हणून आधी पदर ठरवा. पदराचं टोक मागून, उजव्या काखेखालून पुढे घेऊन डाव्या खांद्यावर टाका, मागे गुडघ्याच्या खाली वीतभर लोंबेल इतका. मग तो डोक्यावर घेऊन बघा. डोकं झाकून टोक कमरेच्या खाली राहिलं तर माप बरोबर. तात्पुरती एक पिन खांद्याला लावा, आणि आता पुढे जे कापड मोकळं राहिलं त्याच्या निऱ्या घाला.

निऱ्या पंजाएवढ्या रुंद, पाच ते सात. पहिली निरी सरळ पडली तर बाकीच्या तिच्यामागे सरळ येतात, म्हणून पहिलीला वेळ द्या. सगळ्या एकत्र धरून खालचे काठ एका रेषेत आहेत का ते वाकून बघा, किंवा कुणाला तरी खाली बसून ओढायला सांगा. वरून चार बोटं खाली एक पिन निऱ्यांना लावा, निऱ्यांची तोंडं डावीकडे ठेवून आत खोचा. रात्री फुगडी घालायची असेल तर दुसरी पिन निऱ्यांमधून परकराच्या पट्ट्याला लावा. डाव्या कमरेपाशी उरलेला सैल भाग मागे ओढून एका चुणीत खोचला की पोटावरचा फुगवटा जातो.

पदर सुटा ठेवावा की चुण्या घालून लावावा? बाहेर फिरायचं असेल तर चुण्याच. चार बोटं रुंदीच्या चुण्या, सर्वात वर काठ दिसेल अशा. पिन बाहेरून दिसू नये, ब्लाउजच्या खांद्याच्या शिवणीतून आतल्या बाजूने घ्या. शिवणीत कापडाचे दोन-तीन थर असतात, तिथे ताण बसला तरी फाटत नाही. साडीच्या पातळ अंगातून पिन कधी घेऊ नका, काठातून घ्या. पिनेच्या गोल टोकात आधी एखादा बारीक मणी ओवला तर साडीचा धागा त्या वळणात अडकत नाही.

पिनांबद्दल एक कोकणातलीच गोष्ट. खाऱ्या, दमट हवेत साध्या लोखंडी पिना गंजतात. साडीत लावलेली पिन रात्रभर तशीच राहिली तर सकाळी तिथे तांबूस ठिपका दिसतो, आणि तो सहज जात नाही. पितळी किंवा स्टीलच्या पिना घ्या, आणि कितीही दमलात तरी त्याच रात्री काढून ठेवा.

ओवसा असलेल्या सुनेचं थोडं वेगळं. तिच्या दोन्ही हातांत सूप असतं, डोक्यावर पदर असतो, आणि पदर सावरायला हात मोकळा नसतो. तिचा पदर डोक्यावर अंबाड्याच्या वरच्या बाजूला एका आकड्याने केसांना धरावा आणि टोक उजव्या खांद्यावरून पुढे आणून कमरेला खोचावं. ब्लाउजची बाही कोपरापर्यंत, पण दंडात सैल. घट्ट बाहीत सूप वर उचललं की ब्लाउज वर सरकतो. ओवशाच्या ब्लाउजची मापं घेताना मी मुलींना हात वर करायलाच लावते.

पावसात चालताना साडी दोन्ही बाजूंनी मुठीत धरून वर उचलू नका. त्याने निऱ्या विस्कटतात आणि हात अडकतात. निऱ्यांचा खालचा मधला भाग धरून तेवढाच उचलायचा आणि डाव्या कमरेला खोचायचा. पाऊल मोकळं होतं, आणि घर आलं की सोडला की निऱ्या पुन्हा जागच्या जागी पडतात. छत्री डावीकडे झुकती धरा, पदर तिकडे आहे. स्कूटरवर मागे बसणार असाल तर पदर पुढून फिरवून मांडीखाली दाबून बसा, आणि गाडीला साडीगार्ड आहे की नाही ते बसण्याआधी बघा.

ब्लाउज, दागिने, फुलं

साध्या साडीला जीव आणायचा तर ब्लाउजने. खणाचा ब्लाउज मला सर्वात आवडतो. कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डला विणलेला खण आपल्याकडे गौरीच्या ओटीतही असतो आणि अंगातही. शिवायला टाकण्याआधी त्याचा कोपरा भिजवून पांढऱ्या फडक्यावर चोळा. रंग सुटत असेल तर आधी मिठाच्या पाण्यात बुडवून धुऊन घ्या, नाहीतर घामाबरोबर तो साडीच्या पदरावर उतरेल. अस्तर सुतीच हवं. आणि बाजूच्या शिवणीत दीड-दोन बोटं कापड सोडायला शिलाईवालीला सांगा, पुढच्या चवथीला उपयोगी पडतं.

दागिन्यांत गळ्याजवळचा एकच. ठुशी किंवा वज्रटीक किंवा चिंचपेटी, यातला कुठलाही, आणि मंगळसूत्र. लांब मोहनमाळ पदराच्या चुण्यांत अडकते. चापाची नथ घालणार असाल तर जेवायच्या आधी काढून पदराच्या गाठीत नव्हे, डबीत ठेवा. फुगडीत मनगटं धरून गिरक्या घ्यायच्या असतात, म्हणून त्या रात्री काचेच्या बांगड्या दोन-दोनच.

फुलांवर मात्र हात आखडू नका. इथे कोकण श्रीमंत आहे. भाद्रपदात परड्यात (परसात) सोनचाफा असतो. एक फूल अंबाड्यात खोवलं की बास, दिवसभर वास दरवळतो. अबोलीला वास नाही, पण तिचा वळेसर (गजरा) संध्याकाळपर्यंत टिकतो आणि हिरव्या, जांभळ्या, मोरपंखी साडीवर तो रंग जसा दिसतो तसा दुसऱ्या कशाचाच दिसत नाही. वळेसर केळीच्या पानात गुंडाळून, थोडं पाणी शिंपडून ठेवा आणि बाहेर पडताना माळा. माळताना पाणी झटकून घ्या, नाहीतर मानेवरून ओघळून ब्लाउज भिजतो. शिमग्याच्या सुमारास जाणार असाल तर सुरंगी. वेंगुर्ल्याकडे आरवली, आसोलीच्या बाजूला तिची झाडं आहेत. फेब्रुवारीपासून ती फुलते, आणि तिचा वळेसर सुकला तरी वास सोडत नाही. सुरंगीबरोबर अत्तर लावू नका, तिचा अपमान होतो.

वाळू असेल तर

महाशिवरात्रीला देवगड तालुक्यात कुणकेश्वरला जाणाऱ्यांसाठी एवढंच. देऊळ समुद्राला लागून आहे, रांग मोठी असते, ऊन असतं, वारा खारा असतो आणि वाळूतून चालायचं असतं. तिथे कांजी नको, कडक कापडाच्या चुणीत वाळू बसते. मऊ धुवट सुती साडी, चवथीपेक्षाही दोन बोटं वर, पदर दोन पिनांनी. देवस्नानाच्या वेळी पाण्याजवळ जाणार असाल तर काठ खारा होणारच. घरी आल्यावर साबणाआधी साडी गोड्या पाण्यातून दोनदा काढा. शिमग्याला पालखीबरोबर नाचायला मात्र जुनी साडी घ्या, गुलाल सुती कापडातून पुरता जात नाही.

घरी आल्यावर

चिखल ओला असताना चोळू नका. आमच्या मातीत लोह असतं, चोळलं की ते धाग्यात शिरतं. साडी तशीच दोरीवर टाकून चिखल वाळू द्या, मऊ ब्रशने झटका, मग थंड पाण्यात साबण घालून भिजवा. ब्लीच लावलं तर हा डाग उलट पक्का होतो. तांबूस सावली उरलीच तर बिंबलीचा (आंबट फळाचा) रस, नसेल तर लिंबाचा, डागावर थोडा वेळ ठेवून भरपूर पाण्याने धुवा. आधी आतल्या टोकाला लावून रंग उतरत नाही ना ते बघा. नारळ फोडताना उडालेलं पाणी आणि केळीचा चीक मात्र लगेच, त्याच दिवशी धुवायचा. दोन्ही आधी दिसत नाहीत आणि वाळल्यावर तपकिरी होतात. हळदीचा डाग साबणाने आधी लाल होतो, घाबरू नका, धुऊन उन्हात टाका, ऊन त्याला फिकट करतं.

जरीच्या साडीजवळ डांबराच्या गोळ्या ठेवू नका. मलमलच्या फडक्यात गुंडाळून, कडुनिंबाची सुकी पानं वेगळ्या पुरचुंडीत बाजूला ठेवा. आणि पावसाळा संपून चांगलं ऊन पडलं की सगळ्या साड्या बाहेर काढून सावलीत वारा द्या, घड्या बदला.

फॉल बघा. दिवसभराचा सगळा चिखल, घासणं, ओलावा त्याने झेललेला असतो, साडीने नाही. तो कडेला विरला असेल किंवा त्याचा रंग गेला असेल तर साडी टाकून देऊ नका, फक्त फॉल बदला. नवा फॉल सुती घ्या, लावण्याआधी गरम पाण्यात भिजवून वाळवा म्हणजे पुढे आटून काठाला सुरकुत्या पाडणार नाही. आतल्या टोकापासून वीतभर सोडून लावायला सुरुवात करा, खालची कड मशीनवर, वरची हाताने बारीक टाक्यांत, बाहेरून टाका दिसणार नाही अशी. चवथ उरकली की लगेच शिलाईला द्या. नवरात्र जवळ आलं की आमच्याकडे ब्लाउजांचा ढीग पडतो, आणि मग तुमची साडी दिवाळीपर्यंत पिशवीतच राहते.